तिसऱ्यांदाही

व्हिडिओ अडकला, असंच जानकाबाईला आधी वाटलं. रविवारची सकाळ होती. खाली नारायणगावचा रस्ता टोमॅटोचे क्रेट रचलेल्या गाड्यांनी तुंबला होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसले होते. कालपासून ती सुनेच्या मागं लागली होती, भावकीतल्या ऋतिकच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाचा व्हिडिओ दाखव म्हणून, आणि स्नेहा दाखवते, दाखवते म्हणत दुसऱ्याच कामाला लागत होती. शेवटी प्रबुद्धनं, तिच्या मुलानं, आपला मोबाईल तिच्या हातात दिला, बोटानं चालू करून दिला आणि तो अंघोळीला गेला. पडद्यावर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी होती. मान थोडी पुढं आलेली, हात जोडलेले, हनुवटीखालची कातडी लोंबलेली. ही आपण, हे कळायला क्षणभर वेळ गेला आणि तेवढा वेळ गेलेला तिला आवडला नाही. आवाज मात्र ओळखीचा होता. चाळीस वर्षं जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांत, बारशांत, लग्नांत, मयतांत ह्याच आवाजाच्या मागून लोकांनी वंदना म्हटली होती. ती ओळ सांगायची, लोक मागून म्हणायचे. बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. एकदा साधं, मग दुतियम्पि, म्हणजे दुसऱ्यांदाही, मग ततियम्पि, तिसऱ्यांदाही. तिसरी वेळ झाली की पंचशील. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. व्हिडिओतल्या म्हातारीनं तिसऱ्यांदा म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. मग म्हातारीनं दुसऱ्यांदा म्हटलं. लोकांनी तेही म्हटलं. मग तिसऱ्यांदा. मग पुन्हा दुसऱ्यांदा.

"प्रबुद्ध, ह्ये अडकलंय रं," तिनं हाक मारली. बाथरूममध्ये बादली भरत होती. तिनं मोबाईल हलवून पाहिला, घड्याळ बंद पडलं की हलवतात तसा. आणि मग तिला पिवळ्या फ्रॉकमधली ऋतिकची पोरगी दिसली. मघाशी ती दाराशी फुगा धरून उभी होती. आता ती बापाच्या मांडीवर होती. पुढच्या फेरीला ती मूर्तीपुढच्या मेणबत्तीजवळ गेली आणि कुणीतरी तिला ओढून घेतलं. म्हणजे व्हिडिओ चालू होता. पोरगी पुढं जात होती, मेणबत्ती जळत होती, पंख्यानं पडदा हलत होता. फिरत होती ती फक्त म्हातारी आणि तिच्या मागं हात जोडून, डोळे मिटून बसलेली सगळी खोली. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं, असं जानकाबाईला वाटून गेलं. ऋतिकनं एक डोळा उघडून बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. शेजारी बसलेल्या यशोधरेनं, विहारात पोरांचा रविवारचा वर्ग घेणाऱ्या त्या नीटनेटक्या बाईनं, हळूच म्हातारीच्या कोपराला हात लावला, तेव्हा कुठं म्हातारी पंचशीलावर गेली, काही झालंच नाही अशा थाटात. कोपराला लागलेला तो हात जानकाबाईला आठवत नव्हता. तिला आठवत होता लाडू. पाया पडताना ऋतिक म्हणाला होता, "आजी, आवाज काय हाय राव तुमचा अजून!" आणि त्या एका वाक्यावर ती घरी येईपर्यंत खुशीत होती. आपल्या त्या खुशीचीच तिला आता सगळ्यांत जास्त लाज वाटली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. स्नेहा पोळपाट पुसत होती.

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

"काय, आई?"

"ह्ये," जानकाबाईनं मोबाईल पुढं केला.

स्नेहानं तिकडं पाहिलं आणि पुसलेला पोळपाट पुन्हा पुसला. "झालंय तसं दोन-तीनदा. पावसाळ्यापासून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लोकांना चालतं, आई. म्हणतात की लोक तुमच्या मागून."

लोकांना चालतं. हे दोन शब्द घेऊन ती परत खुर्चीत येऊन बसली आणि दिवसभर ते तिच्या घशाखाली उतरले नाहीत. सांगणाऱ्याच्या पुढं जायचं नसतं, हे तिला आप्पांनी, तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. धम्म घेतल्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. जुन्नरहून एक गृहस्थ सायकलवर यायचे आणि पत्र्याच्या छपरीत दिवसभर कुणाच्या तरी बांधावर राबून आलेली माणसं मांडी घालून त्यांच्या मागून पाली म्हणायची. जिभा वळत नसत. आप्पा तर एकेका शब्दाला घाम पुसायचे. सहा-सात वर्षांच्या जानकीला ते सगळं चार दिवसांत पाठ झालं, आणि एकदा त्या गृहस्थांची सायकल पंक्चर झाली तेव्हा आप्पांनी तिलाच उभं केलं. तिनं ओळ सांगितली आणि मिशांची, पागोट्यांची मोठी माणसं तिच्या मागून ती ओळ म्हणाली. गावात ज्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं ती माणसं त्या छपरीत एका पोरीचं ऐकत होती. तेव्हा तिच्या अंगावर जसा काटा आला होता तसा पुढं कधी आलाच नाही, लग्नात नाही, प्रबुद्ध झाला तेव्हा नाही, नवरा, धर्माजी, गेला तेव्हाही नाही. आणि आता तीच माणसं, म्हणजे त्यांची नातवंडं, डोळे मिटून तिची चूकही तितक्याच आदरानं मागून म्हणत होती. तिला तिची सासू आठवली. शेवटी शेवटी सासू घरभर एक शेळी शोधायची, जी केव्हाच विकली होती. "आली का गं शेळी?" "येतीय, आत्याबाई, चरायला गेलीय." असं सगळे म्हणायचे, जानकाबाईही म्हणायची, आणि सासू समाधानानं बसायची. त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. पण सासूशी मग दुसरं कुणी काहीच बोलत नसे.

तेव्हापासून तिचा घरावरचा विश्वास उडाला. स्नेहा "हो आई" म्हणाली की ती थबकायची: हे खरंच हो आहे की शेळीचं हो आहे? प्रबुद्ध एखादी गोष्ट लक्ष देऊन ऐकत असला की तिला वाटायचं, ही आपण त्याला आधीही सांगितली असणार, म्हणूनच इतकं लक्ष. चहा पुढं आला की घेतलाय का मघाशी, हे ती कपाच्या कडेकडं बघून ठरवू पाहायची. प्रबुद्धनं तिला मंचरच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं बरेच प्रश्न विचारले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "आजी, एकट्या बसू नका. लोकांत मिसळा." ह्यावर ती हसली तर प्रबुद्धला वाटलं आई खुश आहे. लोकांत कसं मिसळायचं, ज्यांना सगळंच चालतं त्यांच्यात? पुढच्या दोन बोलावण्यांना तिनं घसा बसलाय म्हणून सांगितलं. तिची अपेक्षा होती की लोक आग्रह करतील, गरम पाणी घ्या, आल्याचा तुकडा धरा म्हणतील. "बरं बरं, आराम करा," लोक म्हणाले, आणि त्या आवाजातली सुटका तिला फोनमधूनही ऐकू आली. तिसरं बोलावणं आलंच नाही. यशोधरा वंदना सांगते, छान सांगते, एकदम पुस्तकातल्यासारखी, असं स्नेहानं एकदा बोलता बोलता सांगितलं आणि जीभ चावली. जानकाबाईला यशोधरेचा राग आला, मग त्या रागाचा राग आला. ती गॅलरीत बसून मनातल्या मनात म्हणत राहायची आणि प्रत्येक वेळी बरोबर यायचं. अडचण तीच होती. एकटीनं म्हटलं की बरोबर येत होतं का, हे तरी कुणाला विचारणार?

आणि प्रयागचं काय, हा प्रश्न तिनं बरेच दिवस लांब ठेवला होता. प्रयागबाई म्हणजे शिनोलीची तिची शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात त्या आळीत सून म्हणून आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, एकमेकींची पोरं पाजली. प्रयागचा नवरा गेला तेव्हा जानकाबाईनंच वंदना सांगितली होती, आणि सगळे स्मशानाकडं निघाल्यावर प्रयागनं तिचा दंड धरून सांगितलं होतं, "माज्या येळंला बी तूच म्हनायचं. तू जिती असंस्तवर दुसरं कुनी नगं. शब्द दे." तिनं दिला होता. तेव्हा कोण आधी जाईल एवढाच प्रश्न होता. आपण असून नसल्यासारखे होऊ, हा तिसरा प्रकार दोघींच्याही डोक्यात आला नव्हता. मागच्या वर्षी प्रयागच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जानकाबाई एकदा बघून आली आणि मग जायची टाळत राहिली, कारण तिच्यापुढं बसलं की तो शब्द दोघींच्या मध्ये येऊन बसायचा. पण आता तो परत मागायला हवा होता. लोकांची फिरवाफिरव चालेल, प्रयागची कशी चालेल? पांढऱ्या कापडाखाली प्रयाग, आणि आपण तिला घेऊन गोल गोल फिरतोय, आणि कुणीतरी मोबाईल धरून उभा आहे. हे चित्र भरदुपारी डोळ्यांपुढं यायचं.

रविवारी प्रबुद्धनं तिला गाडीतून शिनोलीला नेलं. प्रयागचा मुलगा, संघर्ष, अंगणात मोटारीचा पाइप जोडत होता. "बसा मावशी निवांत. फक्त अंधाराच्या आत निघा, उसात बिबट्या हाय म्हनत्यात," तो म्हणाला आणि प्रबुद्धला घेऊन पडवीत बसला. पूर्वी ह्या अंगणात जेवणानंतर आळीतल्या बायका बसायच्या. आता दिवस मावळला की दारं लागतात आणि प्रत्येक घरात आपापला टीव्ही. आत खिडकीखालच्या बाजेवर प्रयाग होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच, काहीतरी चहाटळ बोलायला निघालेले. जानकाबाई तिच्या डाव्या बाजूला बसली, चालणाऱ्या हाताकडं.

"पयाग, मी शब्द माघारी मागाया आलीय," ती म्हणाली. प्रयाग बघत राहिली. "माजं डोस्कं फिरतंय गं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पुन्यांदा दुसऱ्यांदा. मला कळत बी न्हाई. आन् लोकं बी माज्यासंगं फिरत्यात, कुनी म्हनत न्हाई की थांब. तुज्या येळंला असं झालं तर? त्यापरीस यशोधरेला म्हनूं दे. लई छान म्हनती ती." हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज फाटला आणि ती रडली, प्रबुद्धला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून रडली. प्रयागच्या एका डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा हल्ली सारखाच गळायचा. "हं," प्रयाग म्हणाली. तिच्याकडं तेवढंच उरलं होतं. मग तिनं डाव्या हातानं जानकाबाईचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि भुवई उडवली: म्हण.

आता इथं कोण ऐकतंय, म्हणून जानकाबाईनं हळू आवाजात सुरू केलं. प्रयागचे ओठ मागून हलत होते, नुसती हवा. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा संघाला शरण म्हटलं आणि प्रयागनं तिचा हात दाबला. साधा दाबला नाही, अंगठ्याचं नख रुतेल असा दाबला. जानकाबाई गप्प झाली. आणि मग तिला आठवलं, एकदम, पावसाच्या पाण्यात पिंढऱ्यांपर्यंत उभं राहिल्यासारखं आठवलं. भाताची आवणी. नव्या सुना दोघी, वाकून ओळीनं रोपं लावत होत्या आणि निरक्षर प्रयाग तिच्याकडून वंदना शिकत होती, चिखलात एकेक शब्द खोचत. विहारात बसलं की मात्र प्रयाग दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत हमखास हरवायची आणि सगळे थांबले तरी पुढं रेटायची, बायका हसायच्या. म्हणून जानकाबाई तिच्या शेजारी बसायला लागली आणि तिसरी वेळ झाली की पदराआडून तिचा हात दाबायला लागली: झालं, आता गप. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. अंगावरून एवढं वारं गेलं, स्वतःच्या नातवाचं नाव गेलं, पण प्रयागच्या हातात ते राहिलं होतं.

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तिसऱ्या वेळेला हात दाबला गेला. सगळी वंदना तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा दोघी हसत होत्या, प्रयाग अर्ध्या तोंडानं. "बया, तू तर माजी मास्तरीन झाली की!" जानकाबाई म्हणाली. शब्द माघारी घ्यायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी ती गेली, त्याच्या पुढच्याही. एकीला कुठं थांबायचं ते कळत होतं पण बोलता येत नव्हतं, दुसरीला बोलता येत होतं पण थांबता येत नव्हतं. दोघी मिळून एक बाई पुरी होत होती. जानकाबाई घरी पोटभर जेवायला लागली. स्नेहाच्या "हो आई" मध्ये ती शेळी शोधेनाशी झाली. एकदा तर तिनं स्नेहाला सरळ विचारलं, "ह्ये मी सांगितलंय का तुला आधी?" आणि स्नेहा घाबरत "हो" म्हणाली, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिनं सुनेच्या गालावरून हात फिरवला. ह्या सगळ्यात एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, किंवा ध्यानात येऊन तिनं ती बाजूला सारली. ज्या दिवसाची ती तयारी करत होती, त्या दिवशी तो हात नसणार होता.

संघर्षचा फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती. "मावशी, आई गेली. सकाळीच. झोपीतच," तो म्हणाला आणि जरा थांबून म्हणाला, "तुमीच म्हनायचं. आई कायम म्हनायची, जानकाच म्हनंल." गाडी प्रबुद्ध चालवत होता. घोडेगाव मागं पडल्यावर त्यानं समोर बघत विचारलं, "आई, यशोधरावहिनी पण येतायत. त्यांना सांगू का?"

"पयागला इचार," ती म्हणाली. प्रबुद्धनं गिअर बदलला. थोड्या वेळानं आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

अंगणात माणसं भरली होती. मांडवाखाली बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, आणि त्यांच्यापुढं पांढऱ्या कापडात प्रयाग. अंगावरून वारं गेल्यापासून ओढलेलं तोंड आता सैल पडून सरळ झालं होतं, त्यामुळं ती थोडी अनोळखी दिसत होती. जानकाबाईला वाट करून दिली गेली. ती उजव्या बाजूला बसायला लागली, मग उठली आणि डाव्या बाजूला जाऊन बसली. तिनं कापडाखाली हात घातला. हात सापडला. थंड होता आणि कडक व्हायला लागला होता. तिनं तो आपल्या हातात धरला आणि सुरुवात केली. आवाज चांगला लागला. मागून सगळं अंगण म्हणत होतं, बायकांचे आवाज आधी, पुरुषांचे मागाहून. एकदा झालं. पुढचं तिनं म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं, आणि ती थांबली, हात दाबला जाण्याची वाट बघत. हात तसाच होता. वाट बघता बघता जे आत्ता म्हटलं ते निसटलं. दुसरी वेळ झाली की तिसरी?

ती मान वर करून लोकांच्या तोंडांकडं बघू लागली, कुणाच्या तरी तोंडावर उत्तर असेल म्हणून. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. हात जोडलेले, माना खाली. ही माणसं आपण म्हणू ते म्हणतील. दुसऱ्यांदा म्हटलं तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, मग पुन्हा. ऊन चढेल, मेणबत्त्या विझतील, तरी म्हणत राहतील, आणि प्रयाग तशीच पडून राहील, तिला उचलायचं कुणी म्हणणार नाही. एवढी भीती जानकाबाईला आयुष्यात कधी वाटली नव्हती. काहीतरी म्हणून टाकावं, अर्ध्या वेळी बरोबर निघेल, असंही तिच्या मनात आलं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण ज्या हाताला तिनं एकदा थांबायला शिकवलं होतं तो हात तिच्या हातात होता.

"यशोधरा," ती मोठ्यानं म्हणाली. डोळे उघडले. वंदना चालू असताना असं मध्येच कुणी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. "कितवी येळ हाय त्ये मला कळंना. तू म्हन पुढं."

मागून एक बाई मायेनं म्हणाली, "असू द्या मावशी, म्हना तुमी. आमी म्हंतो की मागनं."

"न्हाई," जानकाबाई म्हणाली. "तिला म्हनूं दे."

यशोधरा दुसऱ्या ओळीत बसली होती. तिनं घसा साफ केला, पदर सारखा केला, आणि म्हटलं, "ततियम्पि". म्हणजे दुसरी झाली होती. अंगण मागून म्हणू लागलं आणि त्यात जानकाबाईही म्हणू लागली, आप्पांच्या छपरीत पहिल्या चार दिवसांत म्हटलं होतं तशी, दुसऱ्याच्या मागून. तिचा आवाज तिला वेगळा ऐकू येत नव्हता. बुद्धाला झालं, धम्माला झालं. संघाला शरण म्हणून झालं तेव्हा तिनं कापडाखाली प्रयागचा हात एकदा, नख रुतेल असा घट्ट दाबला, आणि मग सोडून दिला.